पिवळ्या कापडावरचा नाग

फेल्डहोवन, हॉलंड,
रविवार, ६ डिसेंबर २०२०

प्रिय संहिता,

पाकिटावर माझं अक्षर बघून तुला वाटेल, आईचा फोन बिघडला. फोन ठणठणीत आहे. तूच तो उचलत नाहीस, आणि त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तुझ्या जागी मी असते तर मीही उचलला नसता. व्हॉट्सॲपवर लिहून पाहिलं, पण तिथे दोन ओळी झाल्या की बोट आपोआप त्या हात जोडलेल्या चित्राकडे जातं आणि सगळं त्यातच आटोपतं. म्हणून कागद घेतला. रविवारच्या मराठी शाळेत तुझे कान पिळून जी देवनागरी शिकवली, ती आज माझ्याच उपयोगाला येणार आहे. सावकाश वाच. तुला माहीत असलेल्या गोष्टीही मी पहिल्यापासून सांगणार आहे. कंटाळू नकोस, त्याला कारण आहे.

नाओमी येत्या शनिवारी अमेरिकेला, चार्ल्स्टनला परत चालली आणि जाण्याआधी ती आपल्याकडे येणार नाही, एवढंच तू बाबांना कळवलंस. परीक्षा आहेत हे कारण बाबांना पटलं. मला नाही पटलं. जी मुलगी मार्चपासून जूनपर्यंत आपल्या घरात राहिली, जिने कैरीच्या लोणच्याची बरणी उचलून स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली आणि मी मागूनसुद्धा मला दिली नाही, ती एवढ्या लांब परत जाताना माझं तोंड न बघता जाते आहे. याचं कारण परीक्षा नाही, मी आहे. ती गेली की विषय संपेल, असं बाबा म्हणतात. मला तीच भीती वाटते, की तो तसाच संपेल आणि ती तिकडे आयुष्यभर माझ्याबद्दल काहीतरी अर्धवट खरं घेऊन राहील.

मार्चमध्ये सगळं बंद व्हायला लागलं तेव्हा तू घरी येते म्हणालीस, आणि मग जरा थांबून म्हणालीस की एक मैत्रीण आहे, अमेरिकेची, एका सेमिस्टरसाठी आली होती, विमानांचं काही खरं नाही आणि तिच्या होस्टेलवर कोणी उरलेलं नाही. मी म्हटलं, अगं आण की, चार पोळ्या जास्त लाटायच्या, त्यात काय. दार उघडलं तेव्हा मात्र मी क्षणभर थबकले. ती काळी आहे हे तू सांगितलं नव्हतंस, आणि का सांगावंस? लगेच मी हसले, तिची बॅग आत घेतली, चहा टाकला. तुझ्या काही लक्षात आलं नाही, बाबांच्याही नाही. तिच्या आलं, कारण बॅगेला हात लावताना तिने माझ्याकडे बघायचं टाळलं. पुढे मी तिच्यावर इतकी माया केली की त्या क्षणाची भरपाई झाली, असं मी धरून चालले. माया मनापासूनची होती, त्यात खोट नाही. पण भरपाई झाली की नाही हे तिला कधी विचारलं नाही.

तुझी वरची खोली त्या तीन महिन्यांत चित्रांनी भरून गेली. अमेरिका स्वतःला चित्रांतून आणि अक्षरांतून कशी दाखवते, हा तुझ्या प्रबंधाचा विषय तू मला जेवताना सांगितलास तेव्हा मला वाटलं, झेंडा, गरुड, मशाल धरलेली बाई, संपलं. तू भिंत भरत गेलीस तशी मी गार पडले. अंगणात रोवायच्या पाट्या, गाड्यांच्या मागचे स्टिकर, मत देऊन आल्यावर छातीला लावायची ती गोल चिकटपट्टी, लाल टोपी, उगारलेली काळी मूठ, पेट्रोलपंपांचे उंच खांब, शाळा-कॉलेजच्या स्वेटशर्टांवरची ठोकळेबाज अक्षरं. पुण्यात कमर्शिअल आर्टला असताना आम्हाला अक्षर शिकवलं ते साबण आणि बिस्किटं विकायला. इथे तर माणसं आपण कोण, कोणाच्या बाजूचे, हे घराबाहेर पाटी लावून सांगत होती. नाओमी म्हणायची, तिच्या गल्लीत कोणाशी बोलायची गरजच नसते, अंगणं वाचली की पुरे. तोच तारे-पट्ट्यांचा झेंडा एका घरावर एक सांगतो आणि शेजारच्या घरावर भलतंच, त्याच्याजवळ दुसरी कोणती पाटी रोवली आहे त्यावर ते ठरतं. मी तिला विचारलं होतं, तुमच्या अंगणात काय आहे गं? ती म्हणाली, आईची टोमॅटोची झाडं. मग म्हणाली, आमच्याकडे बघून लोकांना जे वाटायचं ते आधीच वाटलेलं असतं काकू, पाटी कशाला लावायची. तू खळखळून हसलीस. मला हसावं की नाही ते कळेना, म्हणून मी कोशिंबीर वाढली.

त्या भिंतीवर धिरड्याच्या पिठाचं एक जुनं खोकं होतं, आठवतं? त्यावर डोक्याला फडकं बांधलेली हसरी काळी बाई. मला ती फार आवडली. म्हटलं, आपल्याकडच्या लोणच्याच्या बाटलीवरच्या आजीसारखी आहे, बघितलं की माल घरचा वाटतो. तू डोळे मोठे केलेस. नाओमी रागावली नाही. तिने मला खुर्चीवर बसवून सांगितलं की ही आजी नाही, ही मालकाच्या स्वयंपाकघरात राबणारी बाई आहे, आणि ती हसते आहे कारण विकत घेणाऱ्याला ती हसलेली हवी आहे. पुढे जूनमध्ये कंपनीने ते चित्र काढून टाकायचं जाहीर केलं, तेव्हा मी इथल्या महाराष्ट्र मंडळातल्या बायकांना फोन करकरून हे सगळं समजावलं, जसं काही मला जन्मापासून ठाऊक होतं. कमर्शिअलची पदविका, फर्स्ट क्लास, इतकी वर्षं रंगरेषांत काढली म्हणून मिरवते, आणि चित्रातली बाई कोणासाठी हसते हा प्रश्न मला एकदाही पडला नव्हता. तो मला एका वीस वर्षांच्या पाहुण्या मुलीने शिकवला. एवढं शिकून पुढच्याच महिन्यात मी जे केलं ते केलं.

नाओमीने मुक्काम आणखी एक सेमिस्टर वाढवला, जूनअखेर तुम्ही दोघी ग्रोनिंगनला विद्यापीठात परतलात, भिंत तशीच राहिली. जुलैत वसुधाचा फोन आला. ती मंडळाची अध्यक्ष आणि माझी इथली सगळ्यात जुनी मैत्रीण, त्यामुळे तिला माझी नस बरोबर माहीत आहे. यंदा हॉल मिळणार नाही, नागपंचमी तुमच्या बागेत करू, दीड मीटर अंतर ठेवून, आणि सगळ्यांना एकसारखे मास्क हवेत म्हणजे फोटो छान येतील. सुहास, तुझ्याशिवाय कोण करणार, म्हणाली. झालं, मी हरभऱ्याच्या झाडावर.

तुझ्या भिंतीच्या डाव्या कोपऱ्यात तो झेंडा होता. पिवळाधमक, मधोमध वेटोळं घातलेला साप, खाली गवत आणि इंग्रजीत एक ओळ, माझ्यावर पाय देऊ नका. लहानपणी साताऱ्याला पंचमीच्या सकाळी आमच्या आळीतल्या घराघरांत पाटावर हळदीने नाग काढायचं काम माझ्याकडे असायचं. त्या दिवशी चिरायचं नाही, तळायचं नाही, शेतात नांगर घालायचा नाही, जमिनीतल्या जिवाला इजा नको म्हणून. आणि इथे हळदीच्या रंगावर बसलेला नाग स्वतःच म्हणत होता, पाय देऊ नका. मला वाटलं, तिकडेही कोणा भल्या माणसाने सापांची बाजू घेऊन पोस्टर काढलं असेल. खाली तू बारीक इंग्रजीत बरंच काही लिहिलं होतंस. ते मी वाचलं नाही. चष्मा स्वयंपाकघरात होता हे एक, आणि समोर चित्र असताना मजकूर वाचत बसायचा मला पहिल्यापासून कंटाळा. मी त्या सापाला फणा दिला, फण्यावर दहाचा आकडा काढला. इंग्रजी ओळ तशीच ठेवली, कारण तुम्हा इथल्या पोरांना मराठी वाचायचं जिवावर येतं. आइंडहोवनच्या बाजारातून पिवळं सुती कापड आणलं, स्टेन्सिल कापलं. पंचमीला कात्री चालवायची नाही, म्हणून सगळं कापण्या-शिवण्याचं काम आधीच उरकायला घेतलं.

आता जे लिहिते ते तुला माहीत नाही. पंचमीच्या आदल्या आठवड्यात बाबा टीव्हीवर अमेरिकेच्या बातम्या बघत होते. लॉकडाउनविरुद्ध, मास्कविरुद्ध मोर्चा, माणसांच्या खांद्यांना बंदुका, आणि गर्दीत पिवळे झेंडे. बाबा ओरडले, अगं ये लवकर, तुझा नागोबा टीव्हीवर आलाय. मी हातातली सुई तशीच धरून आले. मास्क नको म्हणणाऱ्यांचा साप आपण मास्कवर छापला याची बाबांना मोठी गंमत वाटली. मीही हसले. मग वर तुझ्या खोलीत गेले, चष्मा लावला आणि तू लिहिलेलं सगळं वाचून काढलं. की हा झेंडा मूळचा इंग्रज राजाविरुद्धच्या लढाईतला. की गेल्या काही वर्षांत त्याच्याखाली काळ्यांचा द्वेष करणारेही उभे राहायला लागले आणि तो दिसला की नाओमीसारखी माणसं रस्ता बदलतात. आणि ज्या माणसाच्या नावाने तो ओळखला जातो, त्याच्या धक्क्यावर पुढे गुलामांची जहाजं लागायची. धक्का चार्ल्स्टनचा. त्या ओळीपुढे तू नाओमीचं नाव लिहून प्रश्नचिन्ह केलं होतंस, तिला विचारायचं असेल बहुधा. हे सगळं वाचून मी खाली आले आणि उरलेले मास्क शिवायला घेतले.

ऑगस्टमध्ये व्हिडिओ कॉलवर तू रडत म्हणालीस, तुला माहीत नव्हतं हे मला कळतंय गं आई, पण तरी. त्या ‘माहीत नव्हतं’ला मी घट्ट धरून बसले. नाओमीलाही तू तेच सांगितलंस. मला माहीत होतं, संहिता. चाळीसेक मास्क होत आले होते, वसुधाने नमुन्याचा फोटो ग्रुपवर टाकून माझं कौतुक केलं होतं, आणि मी स्वतःची समजूत घातली की त्यांच्या सापाला फणा नाही, आपल्याला आहे, आणि इथे हॉलंडमध्ये कोणाला कळणार आहे. नाओमी त्या दिवशी येईल याची मला कल्पना नव्हती, हेही खरं आहे. पण ते मी अशा सुरात लिहिते आहे की जणू त्याने काही फरक पडतो.

पंचमीच्या शनिवारी ती आली ती माळ्यावर ठेवलेली मोठी बॅग न्यायला. तुला बेकरीतलं काम होतं म्हणून तू आली नाहीस. मी तिला दारातूनच बागेत घेऊन गेले. तिचा निळा कागदी मास्क प्रवासात चुरगळला होता, तो मीच काढायला लावून कचऱ्यात टाकला आणि आपला पिवळा तिच्या हातात दिला. न द्यावा तर सगळ्यांत ती एकटी वेगळी दिसली असती, असंही मी नंतर स्वतःला सांगितलं. देताना मी तिच्या तोंडाकडे बघत होते. तिला कळतं का, एवढंच मला बघायचं होतं. तिला कळलं. तिने त्या इंग्रजी ओळीवरून अंगठा फिरवला आणि विचारलं, काकू, हे चित्र तुम्हाला कुठे मिळालं? मी म्हटलं, संहिताच्या भिंतीवर. बघ, वेळ आली तेव्हा तुझं नाव पुढे केलं. आणि मग मला गप्प बसवेना. हा आमचा नाग, हा बायकांचा भाऊ, आदल्या दिवशी आम्ही भावासाठी उपास करतो आणि आज याच्यापुढे हात जोडून भावाला आयुष्य मागतो, असं मी भडाभडा सांगत सुटले. तिने विचारलं, कोणाच्याही भावासाठी चालतं? मी म्हटलं, चालतं की. तिचा भाऊ डॅरिल चार्ल्स्टनला ॲम्ब्युलन्स चालवतो आणि त्या उन्हाळ्यात रोज करोनाची माणसं वाहून नेत होता, हे मला आपल्या जेवणाच्या टेबलावर कित्येकदा ऐकून माहीत होतं. तिने मास्क लावला. पाटावरच्या नागापुढे लाह्या ठेवल्या, हात जोडले, डोळे मिटले. बायकांनी टाळ्या वाजवल्या. वसुधाने फोटो काढला. मी पुरणाच्या दिंडांचा डबा उघडला आणि तिला सगळ्यांपेक्षा जास्त वाढली.

संध्याकाळच्या गाडीत लावायला तिच्याजवळ दुसरा मास्क नव्हता, कारण तो मी टाकला होता. आइंडहोवनपासून ग्रोनिंगनपर्यंत तिने तो पिवळा मास्क उलटा करून लावला, अस्तर बाहेर. स्टेशनवर तू तिला घ्यायला गेलीस तेव्हा तुला दिसलं, म्हणून मला कळलं. तिने कोणाकडे तक्रार केली नाही, तुझ्याकडेही नाही. इथे तिच्यावर माया करणारी एक बाई होती, आणि त्या बाईला वाईट वाटू नये म्हणून ती तेवढा वेळ ते तोंडाशी बांधून बसली. मग फोटो मंडळाच्या इंटरनेटवरच्या पानावर गेला, वसुधाने हौसेने नाओमीचं नाव जोडलं, आणि दोन दिवसांत तो डॅरिलने पाहिला. त्याने बहिणीला एकच ओळ लिहिली, तिकडे जाऊन तू कोण झालीस? ज्याच्यासाठी तिने हात जोडले, तो पुढे सप्टेंबरपर्यंत तिच्याशी बोलला नाही. मला सुरुवातीला त्याचाच राग आला होता, हेही सांगून टाकते. एवढं काय मनावर घ्यायचं एका चित्राचं, म्हणून. तू महिनोन्महिने भिंत भरून मला दाखवत होतीस की तिकडे माणसाच्या अंगावर काय आहे त्यावरून तो कोण हे वाचतात, कधीकधी त्यावरून जीवही जातो. त्याने वाचलं ते बरोबरच वाचलं. वाचायला दुसरं काही मी त्याला दिलं नव्हतं.

तू म्हणालीस, आई, निदान फोटो काढायला लाव. मी हो म्हटलं. वसुधाला सांगितलंही, पण कसं ते ऐक. म्हटलं, नाओमीच्या घरच्यांना असे फोटो टाकलेले आवडत नाहीत. वसुधा म्हणाली, अगं, आजवर एवढे लाइक्स कशालाच आले नव्हते, तिचं नाव तेवढं काढते. मी म्हटलं, बरं. पुढे कमिटीत कोणीतरी विषय काढला तेव्हा सगळ्यांचं मत पडलं की आपला नागोबा हजारो वर्षांचा, त्यांचा झेंडा कालचा, आपल्या मनात पाप नाही, लोकांनी भलता अर्थ काढला तर त्याला आपण काय करणार. मला हायसं वाटलं. मी मान डोलावली.

मग नोव्हेंबर आला आणि मंडळाची दिनदर्शिका. पानं दरवर्षी मीच लावते. श्रावणाच्या पानावर वसुधाला तोच फोटो हवा होता, परदेशी मुलगी, नागाची पूजा, पिवळे मास्क, करोनाची आठवण. मी नको म्हटलं नाही. उलट बसून तो फोटो सुधारला. कडेला कोणाची तरी सायकल येत होती, ती कापली. मास्कचा पिवळा आणखी खुलवला. नाओमीच्या चेहऱ्यावर झाडाची सावली पडली होती, ती उजळ केली, आणि उजळ करता करता सावली गेल्यावरही मी थांबले नाही. तिचे मिटलेले डोळे पडद्यावर माझ्यासमोर एवढे मोठे होते, आणि माझ्या डोक्यात फक्त एवढंच, की छापताना पिवळा हिरवट पडायला नको. नमुना सगळ्या सभासदांना गेला, तुलाही गेला. तुझा मेसेज आला, आई, रिअली? त्यानंतर तू फोन उचलला नाहीस.

काल सिंटरक्लास झाला, इथल्या पोरांचा भेटींचा सण. समोरच्या योपच्या घरी बाहेरूनच भेटी ठेवायला सिंटरक्लासचा नोकर, पीट, आला होता, यंदा त्याच्या तोंडाला काळा रंग नव्हता, नुसते काजळीचे पट्टे. खिडकीत उभी राहून बघत होते आणि तू सहा वर्षांची आठवलीस. वर्गातली मुलं तुला म्हणाली होती, तुला रंग लावायलाच नको, तू अशीच पीट. तू घरी येऊन न्हाणीघरात तोंड घासत बसली होतीस, साबण डोळ्यांत गेला तरी. मी तशीच सायकल काढून शाळेत गेले. बाई चांगल्या होत्या. त्यांनी मला समजावलं की हा पोरांचा सण आहे, फार जुना आहे, कोणाच्या मनात काही वाईट नसतं, ती चिमणीतली काजळी आहे. मी मोडक्यातोडक्या डचमध्ये म्हटलं होतं, तुमच्या मनात काय आहे ते मला नका सांगू, माझ्या मुलीच्या तोंडाकडे बघा. ही गोष्ट मी मंडळात इतक्यांदा फुशारकीने सांगितली आहे की वसुधाला ती पाठ आहे. काल खिडकीत मला ती आठवली आणि माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. बाबांनी विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, पडदा ओढा.

आज सकाळी दिनदर्शिका छापायला जाण्याआधीची शेवटची मीटिंग होती, झूमवर. मी बोलले. श्रावणाचं पान बदलायचं, मंडळाच्या पानावरचा फोटो काढायचा, आणि हे चित्र कसलं आहे ते वाचून, कळून मी मास्क शिवले, हेही सांगितलं. वसुधा बराच वेळ तावातावाने बोलत होती आणि आवाज बंदच होता. कोणीतरी सांगितल्यावर तिने तो चालू केला तेव्हा ती एकदम मऊ झाली होती. म्हणाली, सुहास, फोटो छापायला नीट येत नाही असं कळवू आणि बदलू, चारचौघांत स्वतःला कशाला खाली आणतेस? तिने ते प्रेमानेच म्हटलं. मला मोहही झाला, खोटं कशाला बोलू. मग म्हटलं, नाही, कारण लिहायचं आणि माझ्या नावाने लिहायचं. एक जण म्हणाला, बाहेरच्यांसाठी आपल्या सणाला गालबोट लावताय. दोघा-तिघांचे कॅमेरे बंद झाले. वसुधा म्हणाली, मग यंदा दिनदर्शिकेवर तुझं नाव नको घालायला, बरोबर ना? मी म्हटलं, बरोबर. श्रावणाच्या पानावर आता चित्र नाही, नुसत्या तिथी आहेत. फोटो दुपारी निघाला. मी लिहिलेलं मंडळाच्या पानावर आहे, तू बघशीलच. बाबा शेजारच्या खोलीतून सगळं ऐकत होते. चहा घेऊन आले, बसले, आणि म्हणाले, टीव्हीसमोर आधी मीच हसलो होतो. चहा तसाच निवला.

आता हे सगळं तुला कशासाठी लिहिलं ते सांगते. दुपारी मी नाओमीला इंग्रजीत लिहायला बसले होते. माझ्या इंग्रजीत सगळं स्वच्छ आणि गुळगुळीत होतं, गाडी उशिरा धावत असल्याची सूचना द्यावी तसं. ज्या भाषेत मी खोटं बोलले त्याच भाषेत मला खरं सांगता येतं, दुसरीत नाही. म्हणून हे पत्र तुझं नाही, संहिता, तिचं आहे. शनिवारच्या आत तिच्यासमोर बस आणि तिला हे इंग्रजीत वाचून दाखव, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तू मला सांभाळून घेशील, तुझा स्वभाव मला ठाऊक आहे, पण या वेळी घेऊ नकोस. दारातला तो क्षण गाळू नकोस. मी चष्मा लावून वाचलं ते गाळू नकोस. तिचा चेहरा किती उजळ केला, तेही सांग. क्षमेचा एकही शब्द मी यात लिहिलेला नाही, तूही पदरचा घालू नकोस. तो ऐकला की ती लगेच म्हणेल, इट्स ओके, काकू. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून त्या मुलीने एकदा नको ते तोंडावर बांधलं आहे. आता तिला माझ्यासाठी काहीही म्हणावं लागू नये. वाचून झालं की तू गप्प बस, आणि तिला उठून जायचं असेल तर जाऊ दे.

तुझीच,
आई